बेचाळिसाव्या दिवसाची राखण

१

राखणीची काठी कोणी कोणाच्या हातात द्यायची नाही, असा वस्तीचा नियम होता आणि तो चांगला विचार करून केलेला होता. हातात द्यायला गेलं की समोरच्याला नेमकी कंबरदुखी आठवते, कोणाकडे पाहुणे यायचे असतात, कोणाची शेळी व्यायची असते. त्यापेक्षा दाराला टेकवून निघून जायचं. दार काय सबब सांगणार?

ज्याच्या दाराला संध्याकाळी काठी, त्याच्या घरातलं कोणीतरी दुसऱ्या दिवशी ती घेऊन रानात जाई. दिवसभर फिरून, कोणी ओलं झाड तोडत नाही ना, बाहेरची गाडी आत शिरत नाही ना, एवढं बघायचं. दिवस कलला की परत यायचं आणि काठी शेजारच्या दाराला टेकवायची. तिच्या डोक्याला एक सैल लोखंडी कडी होती. टेकवली की ती लाकडावर आपटून वाजे, आणि आतल्या माणसाला कळे की उद्या आपण.

घरं एकाच ओळीत होती, एक्केचाळीस. ओळीचं एक टोक तळ्याकडे, दुसरं रानाला भिडलेलं. तळ्याकडचं पहिलं घर शिंप्याचं. त्याला सगळे मास्तर म्हणत. गळ्यात फीत, कानावर खडू, आणि मशीनच्या खणात एक रोजवही. शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती, पण वही वीस वर्षांत एक दिवस सोडली नव्हती. रोज तीन-चार ओळी. काय शिवलं, ऊन होतं की ढग, कोण येऊन गेलं. त्यामुळे वस्तीतलं कुठलंही लिहिणं मास्तरांच्या गळ्यात पडे. राखणीचे नियम त्यांनीच लिहिले होते, आणि घरांची यादीही.

चार वर्षांपूर्वी रान ठेकेदाराचं होतं. तेव्हा मास्तरांच्या बायकोला वाळकी फाटी उचलताना पकडून दिवसभर नाक्यावर बसवून ठेवलं होतं. तिचा विळा काढून घेतला, तो काही परत मिळाला नाही. पुढे वस्तीनं अर्ज केले, खेटे घातले, आणि शेवटी हक्काचा कागद आला. वाळकं लाकूड, गवत, पाला, कंद, मध, सगळं वस्तीचं. मुदत तीन वर्षं आणि अट एकच, राखणीविना एकही दिवस जाता कामा नये.

आता बायको डोक्यावर मोळी घेऊन गल्लीच्या मधोमध चालत येई. मान ताठ, एक हात मोकळा सोडलेला. मास्तर मशीन थांबवून तेवढं बघून घेत.

रानही असं फोफावलं होतं की तळ्याच्या अंगाला, मास्तरांच्या भिंतीला लागूनही गुडघाभर रोपं आली होती. बायकोनं त्यांना काटक्यांचं कुंपण घातलं होतं. एकंदरीत बरं चाललं होतं.

२

मुदत संपत आली तेव्हा कचेरीतून नवा तक्ता आला. पूर्वी नुसती घरांची यादी चाले. आता वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक चौकट होती. त्या दिवशी राखण कोणत्या घराची, ते त्यात लिहायचं. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : रिकामी चौकट म्हणजे राखण झाली नाही असे समजण्यात येईल.

मास्तरांना असलं काम मनापासून आवडे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी रोजवही उघडली. काठी आपल्या दाराशी आली, असं ज्या ज्या संध्याकाळी लिहिलं होतं त्या सगळ्या तारखा काढल्या आणि तिथून एकेक घर पुढे भरत गेले. पहिलं आपलं, दुसरं सुताराचं, असं करत एक्केचाळिसावं मावशीचं. मावशी म्हणजे रानाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. सगळ्या वस्तीचीच ती मावशी.

मावशीनंतर पुन्हा आपण. पण आपली तारीख एक दिवस पुढे होती. मधली चौकट रिकामी राहिली.

कुठेतरी मोजायला चुकलो असं म्हणून ते दुसऱ्या फेऱ्याकडे गेले. तिथेही तेच. तिसऱ्यात, चौथ्यात, सगळ्यांत तेच. वर्षभरात पूर्ण फेरे आठ झाले होते आणि रिकाम्या चौकटीही आठ. नेहमी त्याच जागी, मावशीच्या आणि आपल्या मधे.

त्यांनी फीत काढून गुंडाळली, पुन्हा सोडली. म्हातारी माणूस, दमत असेल. काठी एक दिवस घरात ठेवत असेल आणि दुसऱ्या दिवशी एवढी गल्ली चालून आपल्या दाराशी आणत असेल. हे पटण्यासारखं होतं. कडी वाजली की दार उघडून ते दर वेळी म्हणत, "मावशी, बसा की घटकाभर." आणि दर वेळी गल्ली रिकामी असे. काठी तेवढी दाराशी उभी, धुतल्यासारखी स्वच्छ आणि गार.

म्हातारी माणसं इतकी भरभर चालत नाहीत, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

३

समितीचा अध्यक्ष म्हणजे शेजारचा सुतार. मास्तरांनी तक्ता त्याच्यापुढे धरला.

"आठ दिवस रान उघडं होतं, सुतारदादा."

"छे!" सुतार रंधा न थांबवता म्हणाला. "उघडं असतं तर चोरी झाली असती. झाली का?"

मास्तरांनी वही बघितली. बाहेरच्या गाड्या वर्षात पाच वेळा येऊन गेल्या होत्या. त्या आठ दिवसांत एकदाही नाही.

"दिवस कुठले म्हणालास? आमची राखण येते त्याच्या दोन दिवस आधीचे?" सुताराचा रंधा थांबला. "तुझ्या आदल्या दिवशीचे?"

"हो. का?"

"काही नाही. एकदा त्या दिवशी गेलो होतो. खाटेच्या पायासाठी एक फांदी बघून ठेवली होती. होती ओली, पण म्हटलं, एका फांदीनं काय होतंय."

"अध्यक्ष ना तू?"

"म्हणून तर लपून गेलो!" सुतार हसला, पण हसू तिथंच आटपलं. "कोयती काढली. नुसती काढली हं, मास्तर, लावलीसुद्धा नाही. मागे कडी वाजली. वळून बघितलं तर कोणी नाही. परत फांदीकडे वळलो तर पुढे वाजली." त्यानं लाकडावरचा भुसा फुंकला. "त्या दिवशीची राखण ज्याची असेल त्याची असो. माणूस कामाला चोख आहे. मी आपला खाट विकत आणली."

"सुतार असून?"

"आता सगळ्या गल्लीला सांग."

४

मावशी अंगणात सुपानं धान्य पाखडत होती. मास्तरांनी विचारलं आणि तिनं सूप न थांबवता उत्तर दिलं.

"दुसऱ्या दिवशी कशाला? मी त्याच संध्याकाळी टेकवते. शेजारच्या दाराला."

"तुमच्या पुढे घर नाही, मावशी. तुमचं शेवटचं."

"नियम काय आहे? शेजारच्या दाराला. फिरून पहिल्या घरी न्यायची असं कुठं लिहिलंय? तूच लिहिलास ना रे?"

मास्तरांना तो कागद डोळ्यांपुढे दिसला. स्वतःचं अक्षर, नीट आखलेल्या ओळी. फिरून पहिल्या घरी न्यायची, हे लिहायचं राहिलं होतं. इतकं उघड होतं की लिहावं असं वाटलंच नव्हतं.

"पण दार कुठे आहे?"

"परवा माझी राखण आहे. ये संध्याकाळी, दाखवते. आता ऊन डोक्यावर आलंय, जा."

जाताना मास्तरांनी तिच्या भिंतीपलीकडची जागा बघून घेतली. सवयीनं मोजलीसुद्धा. भिंतीपासून पहिल्या झाडापर्यंत साडेअकरा हात. चहूकडे पाल्याचा खच पडला होता, त्या साडेअकरा हातांत मात्र पान नव्हतं. मातीवर खराट्याच्या बारीक रेघा होत्या. मावशी करत असेल साफ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मावशीचं स्वतःचं अंगण पाल्यानं भरलेलं होतं.

५

परवाच्या संध्याकाळी ते गेले तेव्हा शेंड्यांवर अजून ऊन होतं. मावशी रानातून आली, डोक्यावरच्या काटक्या अंगणात टाकल्या, आणि काठी घेऊन भिंतीपलीकडे गेली. आठ-नऊ पावलं. मग तिनं काठीचं टोक जमिनीला लावलं, वरचं डोकं जरा पुढे कलतं केलं आणि हात सोडला.

कडी वाजली. लाकडावर वाजते तशी.

काठी कलती उभी राहिली. तिच्या मागे गवत दिसत होतं, गवतामागे झाडं. सुरी किंवा कात्री हातातून सुटली की ती खाली आपटेपर्यंत माणूस जसा श्वास धरतो, तसा मास्तरांनी धरला. काठी काही पडली नाही.

"टेकवली," मावशी म्हणाली. "चहा घेणार?"

"घेतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी घरात बसून, त्या बाजूला पाठ करून चहा प्यायला. साखर जरा जास्त होती. मावशी गुडघ्यांबद्दल सांगत होती, मास्तर हुंकार भरत होते. मधेच भिंतीपलीकडून अडसर सरकल्याचा आवाज आला, जुन्या दाराचा येतो तसा, जड आणि सावकाश.

"घेतली आत," मावशी म्हणाली आणि बशी पुसली.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"शेजाऱ्याची? अरे, चाळीस वर्षं त्या अंगाला कोणी नव्हतं. ठेकेदाराची माणसं माझ्या छपरापर्यंत झाडं तोडत आली होती, तेव्हा वाटायची भीती. आता रात्री कूस बदलली की पलीकडे कोणीतरी खोकतं. बरं वाटतं."

मास्तर एकोणचाळीस दारं ओलांडून घरी आले. प्रत्येक दारातून कोणी ना कोणी हाक मारली आणि त्यांनी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं. आपल्या दारावर त्यांनी एकदा हात फिरवून बघितला.

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मशीनवर बसूनच होते. तीन वर्षं आपल्या दाराशी काठी कोण आणून ठेवत होतं, हा विचार त्यांनी दिवसभर दूर ठेवला होता. पायडल मारत राहिलं म्हणजे डोकं चालत नाही.

कडी वाजली. मास्तर उठले नाहीत.

"अहो, काठी आली ना?" बायको आतून हात पुसत आली. तिनं दार उघडलं, काठी घेतली. "अगबाई, किती गार!" आणि रिकाम्या गल्लीकडे बघून, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "पोचली हो!"

मग मास्तरांनी तिला सगळं सांगितलं.

"तक्ता कधी द्यायचाय?" शेवटी तिनं विचारलं.

"आठ दिवसांत. साहेब स्वतः येणार आहेत. रिकाम्या चौकटी दिसल्या की हक्क गेला."

"मग आपलं नाव घाला. आठ दिवस जास्त केले म्हणून कोण फासावर देतंय? मला पुन्हा त्या नाक्यावर बसायचं नाही, एवढं सांगून ठेवते."

"नाही बसायचं," मास्तर म्हणाले.

सकाळी राखणीला निघण्याआधी ते लेखणी घेऊन बसले. पहिल्या रिकाम्या चौकटीवर टोक ठेवलं. स्वतःचं नाव म्हणजे चार अक्षरं, आठ वेळा लिहायचं. पण त्या आठही दिवशी रोजवहीत लिहिलेलं होतं, ‘दिवसभर दुकानात.’ ते एक. दुसरं त्यांना शब्दांत मांडायला वेळ लागला. जो रानात फिरला त्याचं नाव खोडायचं आणि तिथं आपलं घालायचं, हेच तर ठेकेदारानं आपल्याशी केलं होतं. वस्ती पिढ्यान् पिढ्या रानात फिरत होती, आणि कागदावर कधी नव्हतीच.

बायको चुलीपुढून बघत होती. त्यांनी तिला हे सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं सारखी केली.

"मी नाक्यावर बसले होते, तसंच तिकडंही कोणी बसलं असेल का हो?" ती म्हणाली. "यादीत नाव नाही म्हणून?" मग म्हणाली, "लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. पण विळा गेला तर या खेपेला तुम्ही आणायला जायचं."

मास्तरांनी आठही चौकटींत एकच ओळ लिहिली : मावशीच्या पुढचं दार. तक्त्याला जोडलेल्या घरांच्या यादीत शेवटी बेचाळिसावी ओळ आखली. नावाची जागा मोकळी. घरातली माणसं, मोकळी. सही किंवा अंगठा, मोकळा.

७

साहेब भर दुपारी मोटरसायकलवरून आले. तरुण, घामानं निथळलेले, कामात काटेकोर. रान बघून आले आणि म्हणाले, "असं मी कुठंच बघितलं नाही." मग तक्ता घेतला, बोटानं एकेक ओळ खाली आले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"इथं सही नाही."

"त्या घरची राहिली," मास्तर म्हणाले.

"सहीशिवाय मला हे पुढे पाठवता येणार नाही. एक घर कमी पडलं तरी सगळं परत येतं, आणि तोवर रान कचेरीच्या ताब्यात." साहेबांनी शाईचा डबा उचलला. "कुठलं, त्या टोकाचं ना? मीच जातो. तपासणीही होईल."

"साहेब, मी येतो बरोबर..."

पण मास्तरांना चप्पल सापडेना. एक दाराशी होती, एक मशीनखाली गेलेली. ती काढून बाहेर येईपर्यंत साहेब लांब गेले होते. मास्तरांनी त्यांना मावशीच्या घरापर्यंत जाताना बघितलं, मावशीचं घर ओलांडताना बघितलं. भिंतीपलीकडे ते थांबले, कपाळावरचा घाम पुसला आणि हात वर करून कडी वाजवतात तसा हलवला. मग जरा वाकले, उंबऱ्याला वाकतात तसे.

नंतर तिथं फक्त गवत होतं.

सुतार दारात येऊन उभा राहिला होता. मास्तरांची बायकोही. सुतारानं हातातला खिळा कुठेतरी ठेवायचा म्हणून खिशात टाकला.

दहा मिनिटांनी साहेब गल्लीतून परत येताना दिसले. मिशी ओली होती.

"पाणी काय गोड आहे हो त्यांच्याकडं," ते म्हणाले. "चांगली माणसं. बोलत नाहीत फारशी." तक्ता मास्तरांच्या हातात देऊन ते मोटरसायकलकडे वळले. "झालं सगळं. कागद येईल महिन्याभरात."

मास्तरांनी बेचाळिसावी ओळ बघितली. अंगठा चौकटीत मावला नव्हता. वरच्या दोन घरांच्या सह्यांवर आणि खालच्या समासात पसरला होता. त्यांच्या गळ्यात फीत होतीच. हात आपोआप गेला. रुंदी साडेतीन इंच. घरातली माणसं या रकान्यात बाकी सगळीकडे आकडे होते. इथं साहेबांनी आपल्या सुबक अक्षरात एकच शब्द लिहिला होता : बरीच.

"आणि एक राहिलं बघा, मास्तर," साहेब गाडीवर बसून तक्ता परत घेत म्हणाले. "तळ्याच्या अंगाला, तुमच्या भिंतीला लागून दार आहे. ते यादीत कसं नाही?"

"तिकडं तळं आहे, साहेब. रोपं आहेत नुसती."

"हो?" साहेबांनी मान वळवून क्षणभर बघितलं. "मग नवीन असेल. पुढच्या खेपेला घ्या त्यांना." गाडी धूळ उडवत गेली.

८

कागद खरंच महिन्याभरात आला. मुदत या वेळी दहा वर्षं. सुतारानं त्याला चौकट करून दिली, फुकट. कुठल्या लाकडाची, हे मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "वाळक्या. बेचाळिसाव्याची शपथ." बायकोनं नवा विळा आणला आणि तो दाराच्या मागे नाही, दाराच्या बाहेर खिळ्याला लावला.

त्या फेऱ्याचा शेवटचा दिवस आला. बेचाळिसावा. उजेड कलल्यावर मास्तर मशीन बंद करून बसले. बायको समोर भाजी निवडत होती. दार या वेळी त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं. आलं कोणी तर म्हणायचं, बसा की घटकाभर. एवढं तरी करायला हवं, असं त्यांनी ठरवलं होतं.

गल्लीतून बारीक किणकिण जवळ येत गेली. सुताराच्या दारावरून पुढे आली. मास्तर उठून उभे राहिले. त्यांच्या उघड्या दारासमोरून ती गेली, उंबऱ्यात काहीच दिसलं नाही, फक्त गार वारा आत आला आणि खडूची पूड टेबलावरून उडाली. किणकिण पुढे सरकली, तळ्याच्या अंगाला.

आणि भिंतीपलीकडे कडी वाजली. लाकडावर वाजते तशी.

दोघंही ऐकत राहिले. थोड्या वेळानं तिकडे अडसर सरकला. हा आवाज जुना नव्हता. नव्या, अजून नीट न बसलेल्या दाराचा होता, जरा अडखळणारा. मग कोणीतरी खोकलं. मास्तरांच्या अंथरुणाच्या उशाशी जी भिंत होती, तिच्या अगदी पलीकडे.

बायकोचा हात भाजीवर थांबला होता. ती भिंतीकडे बघत होती. मग तिनं देठ मोडला.

"म्हणजे आपली राखण उद्या नाही, परवा," ती म्हणाली. "बरं झालं. उद्या मला धुणं काढायचंय."

मास्तरांनी खणातून यादीची आपल्याकडची प्रत काढली. पट्टी ठेवली आणि बेचाळिसाव्या ओळीखाली, हात न हलू देता, आणखी एक ओळ आखली. नावाची जागा मोकळी सोडली. मग पट्टी उचलली नाही. थोडा विचार करून खाली अजून चार ओळी आखून ठेवल्या.